कोरड्या हातांचं पुण्य

फुलंब्रीच्या अलीकडे एक पाझर तलाव आहे. त्या तलावावर मी सव्वा वर्षात एकशे चौदा माशांना जीवदान दिलं. हा आकडा चुकीचा असणं शक्य नाही, कारण तो मी स्वतः डायरीत तारीखवार लिहिलेला आहे, आणि चौतीस वर्षं कचेरीत मी तारीखवार लिहिण्यापलीकडे काही केलेलं नाही. जीवदान दिल्यावर त्यातले जगले किती, याची नोंद मात्र डायरीत नाही. तो प्रश्न मला पडलाच नव्हता. तो पडला दगडाबाईला.

दगडाबाईबद्दल सांगायचं तर आधी माझ्याबद्दल सांगावं लागतं, आणि तसंही मला माझ्याबद्दल सांगायला आवडतं. नाव श्रीनिवास, राहणार पुंडलिकनगर. निवृत्त झाल्यावर हाताखाली ओरडायला कुणी उरलं नाही, त्यामुळे माझा रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, डोकं शांत राहील असा एखादा छंद लावून घ्या. मी योगवर्गाला गेलो. तिथं शवासनात असा घोरलो की बाकीच्यांना उठून बसावं लागलं. पेटी आणली, ती शेजाऱ्यांच्या विनंतीवरून कपाटावर गेली. शेवटी पुण्यातल्या मुलानं गळाची एक परदेशी काठी पाठवली. फोनवर म्हणाला, "बाबा, मासा धरायचा आणि परत सोडायचा. जगभर लोक करतात. पण कसं करायचं त्याचे व्हिडिओ पाठवलेत, ते आधी नीट बघा." मी बघितले नाहीत. सूचना इतरांनी वाचायच्या असतात, अशी माझी नोकरीतली धारणा होती.

आमच्या घरात मासा कुणी कधी खाल्लेला नाही. बायको, कालिंदी, काठी बघून म्हणाली, "सोडायचाच आहे तर धरायचा कशाला?" उत्तरादाखल मी आवाज चढवला.

तलावाचा ठेका असलेल्या संस्थेच्या माणसाला मी रीतसर विचारलं. एक म्हातारा मासे धरून परत पाण्यात टाकणार, हे ऐकून त्यानं मला दोनदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसू दाबत हो म्हटलं. तेव्हापासून दर रविवारी सकाळी मी स्कूटरवरून तलावावर.

माझी पद्धत मी स्वतः बसवली होती. मासा बुळबुळीत असतो, आणि बुळबुळीत वस्तूला हात लावायची आमच्याकडे रीत नाही. आमच्याकडे भेंडीसुद्धा कोरडी पुसून मगच चिरतात. म्हणून मासा गळाला लागला की मी त्याला काठावरच्या गवतावर घ्यायचो आणि धुतलेल्या कोरड्या पंच्यानं खसाखसा पुसायचो. मग तो हातात नीट राहायचा. मग फोटो. फोटोत माझं पोट दिसलं तर दुसरा फोटो. मग गळ लागलेल्या जागी, घरून डबीत नेलेली हळद आणि तूप. लहानपणी माझं ढोपर फुटलं की आई हेच लावायची. मग डोळे मिटून "सुखी राहा" असा आशीर्वाद, आणि शेवटी, काठाजवळ टाकला तर पुन्हा कुणी धरेल म्हणून, हात मागे घेऊन जोरात लांब खोल पाण्यात फेक. मासा धपकन पाण्यात पडायचा आणि माझे डोळे भरून यायचे.

फोटो कॉलनीच्या ग्रुपवर जायचे. त्यावरून ज्येष्ठ नागरिक मंडळानं माझं "भूतदया" या विषयावर भाषण ठेवलं. मी पाऊण तास बोललो. शाल मिळाली. कालिंदी पहिल्या रांगेत बसून संपूर्ण वेळ छताकडे बघत होती.

दगडाबाई मला पहिल्यांदा भेटली ती याच भाषणानंतरच्या रविवारी, म्हणजे मी अगदी फुगलेलो असताना. तिच्या शेताचा बांध तलावाला लागून आहे. साठीच्या पुढची, काटक, हातात खुरपं, कपाळावर उन्हानं पडलेल्या आठ्या. मी माशाला हळद-तूप लावत होतो. ती बराच वेळ बघत उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "मीठ-तिखट घरीच राह्यलं व्हय?"

मला कळलं नाही.

"तळायच्या आदी आमी बी असंच करतो. हळद चोळून ठिवतो. तूप मातर नाय लावत, तेवढी आयपत नाय."

मी तिला हळदीच्या औषधी गुणांवर बोललो. जंतू म्हणजे काय तेही सांगितलं. तिनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माझ्या हातातला मासा मध्येच तोंड उघडायचा आणि मिटायचा. माझं जंतूंचं संपल्यावर ती म्हणाली, "आता टाका त्याला पान्यात, लई झालं." मग तणाकडे वळली. अडाणी बाई, असं मी मनात म्हटलं. डायरीत त्या दिवशी सात मासे लिहिले.

पुढचे दोन रविवार तिनं मला काही म्हटलं नाही. तिसऱ्या रविवारी मी स्कूटर चालू करताना ती बांधावरून ओरडली, "साहेब, तुमी नेमी ऐतवारीच येता. एखांद्या बुधवारी या की!" मला वाटलं, बाईला आता भूतदयेत रस वाटू लागला. बुधवारी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो.

ती मला तलावाच्या पलीकडच्या काठाला घेऊन गेली, जिथं वाऱ्यानं सगळा पालापाचोळा जमतो. बाभळीखाली पाण्यात पाच मासे पांढरी पोटं वर करून तरंगत होते. तिनं एक उचलून माझ्यासमोर धरला. त्याच्या अंगावर कापसासारखी बुरशी धरली होती, आणि ती सगळीकडे नव्हती. एका बाजूला चार पट्टे होते आणि दुसऱ्या बाजूला एक. तिनं माझा हात मनगटाला धरून त्या माशाजवळ नेला. चार बोटं आणि अंगठा बरोबर बसले.

"दर बुधवारी, गुरुवारी लागत्यात हितं," ती म्हणाली. "म्या नेऊन शेवग्याच्या बुडाला पुरते. तुमच्या पुन्याईनं शेवगा लई फुटलाय बगा."

मी विचारलं, मेले कशानं? विचारताना माझा आवाज बारीक झाला होता.

"अवो, त्याच्या अंगावरलं बुळबुळीत हाय ना, त्योच त्याचा सदरा. तुमी त्यो कोरड्या फडक्यानं पुसून काडला. मग त्याला पान्यातला समदा घाणकिडा लागतो. वल्या हातानं धरावं. आन् वर काडून इतका येळ? त्यो दम खातो पान्यात. तुमाला पान्यात बुडवून कुणी फोटू काडला आन् आशीर्वाद दिला, तर तुमी किती टिकाल? आन् फेकायचं काहून? आपटला की आतून फुटतो. वरून दिसत नाय."

मी घरी आलो. कालिंदीनं विचारलं, आज बुधवारी काय काढलं? मी म्हटलं, काही नाही. जेवलो नाही. एकशे चौदा. इतके मासे आमच्या गल्लीतल्या मासे खाणाऱ्या घरांनी सगळ्यांनी मिळून सव्वा वर्षात मारले नसतील, आणि शाल मला मिळाली. शरमेनं मला रडू आलं, हे लिहायला आता लाज वाटत नाही. काठी मी पलंगाखाली सरकवली.

तरी एक शंका होतीच. या बाईला हे सगळं ठाऊक कसं? ते विचारायला म्हणून मी पंधरा दिवसांनी काठी न घेता गेलो, आणि मग जातच राहिलो. ती शेतात तण निंदायची, मी बांधावर बसायचो. बोलायची कमी, आणि जे बोलायची ते कामाचं. मला दोन्हीची सवय नव्हती.

तिचं माहेर सिल्लोडकडचं. लग्न होऊन आली तेव्हा या चार एकरांत विहीर नव्हती. नवरा, बद्रीनाथ, यानं दोन उन्हाळे खणून ती पाडली. वरचा थर ही दोघंच खणत होती. तो खाली, ती वर दोर ओढायला. पाणी लागल्यावर त्या काळी त्यानं पैठणच्या बाजूनं मासळीची पिल्लं आणून विहिरीत सोडली. पिण्याच्या विहिरीत मासा असावा, तो पाण्यातली घाण आणि डासांच्या अळ्या खातो, आणि त्याला कुणी खायचं नाही, असं त्या बाजूला पुष्कळ जण मानतात. दर दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायचा, तेव्हा आधी मासे जिवंत वर काढायचे, हौदात ठेवायचे आणि पाणी भरल्यावर परत सोडायचे. हे काम तिचं. नवऱ्याचे हात शेतकामानं चिरलेले, खरखरीत. तो म्हणायचा, माझ्या हातानं त्यांना ओरखडे पडतात, तूच धर. चाळीस वर्षं ती मासे धरून सोडत आली होती आणि तिला कुणी भाषणाला बोलावलं नव्हतं.

जुने मासे संपले तसे बद्रीनाथ नवे आणत राहिला. शेवटचा एक रोहू त्यानं नऊ वर्षांपूर्वी आणला, पाण्यानं भरलेली घागर एसटीत मांडीवर धरून. कंडक्टरनं विचारलं, घागरीत काय, तर म्हणाला, पाव्हना. त्याच वर्षी दिवाळीनंतर कापूस वेचताना तो शेतात कोसळला आणि गेला. तो रोहू अजून विहिरीत होता. दगडाबाई त्याला "त्यांचा मासा" म्हणायची.

मे महिन्यात एका सकाळी तिचा फोन आला. तिच्या मुलाच्या, बन्सीच्या, फोनवरून. बन्सी वाळूजला कंपनीत जातो.

"साहेब, म्या पडले. उजवा हात मोडला, पलास्टर हाय. परवा गाळ काडायला क्रेनवाला येतोय, त्याची पाळी हुकली तर पाऊस लागतो. मासा तुमी काडा."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी म्हटलं, "दगडाबाई, मी? अहो, माझी बोटं तुम्हीच मोजलीत. बन्सी आहे ना?"

"बन्सी घाईचा हाय. त्याला अजून चुकायचंय. तुमचं चुकून झालंय." मग थोडं थांबून म्हणाली, "त्यांच्या हातचं जितं आता तेवढंच राह्यलंय, भाऊ. बाकी गुरंढोरं समदी मागून घेतलेली हायेत."

पाण्यावरचा माझा इतिहास बघता नाही म्हणणं हेच शहाणपणाचं होतं. मी हो म्हटलं. रात्रभर रक्तदाबाची गोळी घेतली की नाही ते आठवत राहिलो. कालिंदीनं सकाळी डबा देताना फक्त एवढंच म्हटलं, "त्या बाई सांगतील तेवढंच करा. तुमचं डोकं इथं ठेवून जा."

मोटरनं विहीर उपसून पाणी मांडीपर्यंत आणलं होतं. मी पायऱ्या उतरून खाली गेलो. दगडाबाई वर काठाशी बसली, प्लास्टरचा हात पदराच्या झोळीत. तिनं तिचं एक जुनं सुती लुगडं दिलं होतं, धुऊन धुऊन अगदी मऊ झालेलं, आणि ते आधी पाण्यात भिजवायला लावलं. गळ नाही, जाळं नाही. लुगड्याचं एक टोक बन्सीनं धरायचं, एक मी, आणि हळूहळू कोपऱ्याकडे सरकायचं.

"हात वले हायेत का?" वरून आवाज.

"आहेत."

"परत करा."

हातभर लांब, काळसर पाठीचा तो रोहू लुगड्याच्या घडीत आला. तो माझ्याकडे बघत होता असं मला वाटलं. बहुतेक माझी कीर्ती विहिरीपर्यंत पोचली होती. विहिरीच्याच पाण्यानं अर्धा भरलेला ड्रम शेजारी दोराला बांधून ठेवला होता.

"आता दम धरा," दगडाबाई म्हणाली. "त्यो पान्याभाईर हाय तवर तुमी बी श्वास घ्यायचा नाय."

तिचा हा नियमच होता. मी नाक-तोंड मिटलं, एक हात पोटाखाली, एक शेपटीच्या मुळाशी, कल्ल्यांना न लागता, न दाबता मासा उचलला आणि ड्रमकडे वळलो. तीन पावलं होती. दुसऱ्या पावलाला गाळात पाय रुतला. माझ्या कानांत घंटा वाजायला लागल्या, आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा मला कळलं की फोटोला लागणारा वेळ किती मोठा असतो. मासा ड्रमात गेला, आणि मी इतक्या मोठ्यानं श्वास घेतला की बन्सी घाबरला.

तीन दिवस मासा हौदात राहिला. हौदावर लिंबाचे डहाळे टाकून सावली केली होती. मीही तीन दिवस तिथंच पडवीत राहिलो. कालिंदीला फोन केला तर म्हणाली, "बाळंतपणाला राहतात तसे राहा." मधून मधून मी हौदात डोकवायचो आणि दगडाबाई म्हणायची, "त्याला बगू नका, त्याला पेलवत नाय." गाळ निघाला, झरे मोकळे झाले. चौथ्या दिवशी सकाळी विहिरीत छातीभर पाणी होतं.

ऊन खाली पोचायच्या आत सोडायचं ठरलं. मी खालच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात उभा राहिलो. बन्सीनं मासा घातलेला ड्रम वरून दोरानं सावकाश सोडला. तिच्या सांगण्यावरून मी आधी ओंजळीनं विहिरीचं नवं पाणी ड्रमात मिसळत राहिलो, मग ड्रम आडवा करून पाण्यात बुडवला. मासा बाहेर आला आणि एका कुशीवर कलंडला.

मी त्याला दोन्ही हातांनी सरळ धरला. तो कल्ले हलवत होता, पण फार हळू. मला वाटलं, याला थोडं ढकलावं म्हणजे हा निघेल. ढकललं. तो उलटा झाला. पांढरं पोट वर आलं, आणि मला बाभळीखालचे पाच मासे दिसले. मी घाईघाईनं त्याला पुन्हा सरळ केलं.

"गेला का?" वरून दगडाबाईनं विचारलं.

"नाही अजून."

"ढकलू नका. नुसतं धरा. त्याला जाऊ वाटलं की त्यो जाईल."

मी धरून राहिलो. पाच मिनिटं. दहा. कमरेखाली पाय बधिर झाले. मला माझी भीती वाटायला लागली, कारण मी असा माणूस आहे की मला थांबता येत नाही. बँकेच्या रांगेतही मी दुसऱ्या खिडकीकडे जातो. एकदा मनात आलं, हा मेला तर तळाशी सोडून द्यावा आणि वर सांगावं, गेला. तिला काय दिसणार आहे? हे मनात आलं याची मला घाण वाटली, आणि मी मासा आणखी हळुवार धरला.

"गेला का?"

"नाही."

मग ती बोलायला लागली, माझ्याशी की विहिरीशी ते कळत नव्हतं.

"त्यांनी बी असाच धरला व्हता. एसटीत घुसमटला व्हता त्यो. ते तितंच हुबे व्हते, तुमी हाय तितं. अर्दा तास झाला तरी वर येयना. म्या वरून वरडले. भाकर निवली, मला कापसाला जायचंय, एका माशापायी काय येड लागलं का. लई वरडले. ते नुसते हसून म्हनले, तू जेव, ह्यो गेला की येतो. म्या जेवले आन् गेले निघून. वाट बगितली असती तर काय बिगडलं असतं."

मी मासा तसाच धरून ठेवला.

"आज नाय वरडत म्या," ती म्हणाली. "किती बी येळ लागू द्या. म्या हाय हितं बसलेली."

मग आम्ही तिघं थांबलो. ऊन विहिरीच्या कठड्यावरून आत उतरायला लागलं. माझ्या तळहाताखाली माशाचं पोट एकदा ताठ झालं, पुन्हा सैल झालं, पुन्हा ताठ झालं. शेपटीला एक झटका बसला, आणि माझ्या ओल्या हातांतून तो स्वतःहून सुटला. मी फक्त हात उघडे ठेवले होते. काळी पाठ दोन हात खोल गेली, वळली आणि दिसेनाशी झाली.

"गेला," मी म्हणालो. "दगडाबाई, गेला तो. नीट गेला."

वर ती रडत होती, ते मला ऐकू येत होतं. मी वर बघितलं नाही. थोड्या वेळानं तिनं नाक ओढलं आणि खाली वाकून म्हणाली, "या वर. म्या बी जेवले नाय अजून."